होबार्ट स्टिडमचं मत

लिक ब्रँच खोऱ्यातल्या होबार्ट स्टिडमनी आयुष्यात एकही निवडणूक चुकवली नाही. शेरीफची असो, शाळा मंडळाची असो नाहीतर राष्ट्राध्यक्षाची, होबार्टकाका सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून केंद्रावर हजर, आणि दारात टोपी काढूनच आत. एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. फुफ्फुसं इतकी काळवंडलेली की दोन पायऱ्या चढल्या की कठडा धरून उभे राहायचे. कुणी खुर्ची दिली तर म्हणायचे, "मत उभ्यानं द्यायचं असतं. बसून काय, टीव्ही बघतात." असले हट्टी.

मी व्हर्ना. काउंटीच्या कचेरीत मतदार नोंदणीच्या खिडकीवर एकोणतीस वर्षं बसले. काकांच्या घराच्या खालच्या वळणावर माझं घर. ही हकिगत मी एक जण सोडून आजवर कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात माझाही दोष आहे.

आमच्या केंटकीच्या डोंगरात त्या काळी सगळे डेमोक्रॅट. मनानं नव्हे, नोंदणीला. कारण साधं होतं. मे महिन्यात पक्षापक्षांची आपापली प्राथमिक निवडणूक होते, आणि तिथं ज्याची नोंद ज्या पक्षात, त्याला त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते. आमचा शेरीफ नि न्यायाधीश त्या मे महिन्यात डेमोक्रॅटांमध्येच ठरायचा. नोव्हेंबरातली मुख्य निवडणूक हा नुसता उपचार. लिक ब्रँच केंद्रावर रिपब्लिकन म्हणून नोंद असलेली माणसं मोजून अकरा. काकांची डेमोक्रॅट नोंद तर त्यांच्या युनियनच्या कार्डाइतकी जुनी.

आणि त्यांचा एकुलता एक मुलगा लोवेल निघाला रिपब्लिकन. शिकून वकील झाला, लेक्सिंग्टनला गेला, आणि अशा कचेरीत लागला जी कोळसा कंपन्यांचे खटले लढायची. खाणकामगार फुफ्फुसांची भरपाई मागायचे आणि ही मंडळी ती कशी देऊ नये ते कोर्टाला समजावायची. लोवेलनं पुढं ती नोकरी सोडली, राज्याच्या सिनेटमध्ये निवडून आला, पण काकांच्या मनातली अढी काही गेली नाही. काकांच्या पत्नी ओपलकाकू होत्या तोवर त्या दोघांना एका टेबलाशी बसवायच्या. त्या गेल्या आणि बापलेकाचं बोलणं हवापाण्यापुरतं उरलं.

मग लोवेल गव्हर्नरकीच्या शर्यतीत उतरला. त्या वर्षी नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो घरी आला. मी वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक घेऊन वर गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं.

"डॅडी, तुमच्याकडं एक मागायचंय."

"कुत्रा सोडून काय हवं ते माग."

"तुमचं मत."

काका हसले. "पुढच्या नोव्हेंबरात बघू."

"नोव्हेंबर लांब आहे. आधी मे महिन्यात पक्षाचं तिकीट मिळायला हवं. त्यासाठी तुमची नोंद माझ्या पक्षात लागेल. वर्ष संपायच्या आत व्हर्नाकडं जाऊन एक सही करायची, बस."

काकांनी काटा खाली ठेवला. "तुझ्या त्या कचेरीनं माझ्या भरपाईच्या खटल्यात काय म्हटलं होतं, आठवतं? फुफ्फुसं सिगारेटनं गेली! मी जन्मात ओढली नाही."

"ती केस मी नव्हतो लढलो, डॅडी."

"शेजारच्या टेबलावरचा लढला. तू त्याला पेन दिलं असशील."

लोवेल बावन्न वर्षांचा, राज्यभर भाषणं ठोकणारा माणूस, पण त्याचे डोळे भरून आले. "मतं मला सगळीकडून मिळतील," तो म्हणाला. "मला ह्या घरातलं एक पाहिजे." केकला हातही न लावता तो गाडीत जाऊन बसला.

काका महिनाभर धुमसत होते. मग नाताळ आला. आता त्यांच्या घरातला नाताळ म्हणजे जुना नाताळ, जुन्या कालगणनेचा, सहा जानेवारीचा. पंचवीस डिसेंबरपासून तिथवरच्या बारा दिवसांत त्या घरात कपडे धुवायचे नाहीत, कुऱ्हाड उचलायची नाही, कामाधामासाठी खोऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. ह्या बारा दिवसांवर पुढचे बारा महिने ठरतात. म्हणून काका रोज सकाळी व्हरांड्यात उभे राहून आकाश बघायचे आणि कॅलेंडरवर टिपून ठेवायचे. हे सगळं मूळ ओपलकाकूंचं. त्या गेल्यावर काकांनी ते जास्तच कडक केलं. पाचव्या दिवशी, म्हणजे मे महिन्याच्या वाट्याच्या दिवशी, लख्ख ऊन पडलं होतं. मला फाटकातून हाक मारून म्हणाले, "व्हर्ना, मे चांगला जाणार बघ पोराला." मला वाटलं, राग निवळतोय. मी हात हलवून पुढं गेले. त्याच वेळी थांबून दोन शब्द बोलले असते तर? पण मला दुकानातून दूध आणायचं होतं.

सात जानेवारीला काका माझ्या खिडकीशी उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, टोपी हातात.

"नोंद बदलायचीय. लोवेलच्या पक्षात. आणि कुणी हसलं तर बघ!"

"काका, मे महिन्यासाठीची मुदत संपली. एकतीस डिसेंबरला."

"तो तर म्हणाला वर्ष संपायच्या आत."

"वर्ष संपलं ना, काका."

"संपलं कसं? जुना नाताळ कालच तर झाला."

ते थट्टा करत नव्हते. कॅलेंडर त्यांना ठाऊक होतं, पण घरातली कामं ते ओपलकाकूंच्या हिशेबानं चालवायचे, आणि त्या हिशेबात बारा दिवस संपल्याशिवाय जुनं वर्ष हलत नसे. मी कायदा समजावला. आता सही केली तर नोव्हेंबरला चालेल, मे महिन्यात नाही. काकांनी टोपी खिडकीच्या फळीवर ठेवली. मग म्हणाले, "दे इकडं." त्यांची सही म्हणजे जमीन खणल्यासारखी. पेन इतकं दाबायचे की कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरं बोटाला लागायची.

जाताना म्हणाले, "लोवेलला ह्यातलं काही सांगू नकोस. त्याला वाटेल, म्हातारा मुद्दाम उशिरा गेला आणि आता सबब सांगतोय. मी माझ्या तोंडानं सांगेन."

मी शब्द दिला. आम्हा डोंगरातल्या माणसांना शब्द पाळण्याची मोठी घमेंड असते.

मे महिन्यात काका केंद्रावर गेले. तिथं मतपत्रिका देणाऱ्या इमोजीनकडं त्यांनी दोनदा लोवेलच्या पक्षाची मतपत्रिका मागितली. ती तरी काय करणार? भिंतीवर दोन्ही पक्षांच्या मतपत्रिकांचे नमुने लावलेले असतात. काका लोवेलच्या पक्षाच्या नमुन्यासमोर गेले, त्याच्या नावावर बोट ठेवलं आणि रांग खोळंबली तरी तसेच उभे राहिले. हे मला इमोजीननं सांगितलं. मग त्यांनी आपल्या जुन्या पक्षाची मतपत्रिका घेतली, कारण मत न देता घरी जायची त्यांना सवयच नव्हती.

लोवेल राज्यात तिसरा आला. लिक ब्रँचला अकरांपैकी नऊ जण आले होते. लोवेलला चार, दुसऱ्याला पाच. राज्याच्या निकालात ह्या आकड्याला काडीची किंमत नव्हती, पण रेडिओवाल्यांना आयतीच थट्टा मिळाली. ज्याला स्वतःच्या खोऱ्यात पाच माणसं उभी करता येत नाहीत, तो राज्य काय चालवणार! आठवडाभर हेच.

जूनच्या सुरुवातीला लोवेल माझ्या खिडकीशी आला. कुणी कुणाला मत दिलं ते गुप्त असतं, पण कोण आलं आणि कुठल्या पक्षाची मतपत्रिका घेतली, ती यादी कुणीही बघू शकतं. त्यानं लिक ब्रँचची मागितली. वडिलांच्या नावासमोर डेमोक्रॅट ही खूण होती.

"गेले होते म्हणजे," तो म्हणाला. "आजारी वगैरे नव्हते. तुझ्यापाशी काही बोलले का गं?"

सात जानेवारीला काकांनी सही केलेलं नोंदणीचं कार्ड माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. चार पावलांवर.

"त्यांनाच विचार ना," मी म्हटलं.

"विचारलं होतं. थँक्सगिव्हिंगला." त्यानं यादी नीट मिटून मला परत दिली. आदळली असती तर बरं वाटलं असतं.

त्या उन्हाळ्यात काका त्याला फोन करायचे. लोवेल उचलायचा नाही. निरोपाचं मशीन लागलं की काका फोन ठेवून द्यायचे. "मशीनला काय सांगू?" मला म्हणायचे. "त्याला येऊ तर दे." मी म्हणायची, येईल हो काका.

नोव्हेंबरात मुख्य मतदान झालं. काकांची नोंद आता लोवेलच्या पक्षात होती, पण मतपत्रिकेवर लोवेल नव्हता. मतपत्रिकेवर खाली एक कोरी ओळ असते, कुणाचं नाव हातानं लिहायचं असेल तर. तसल्या मतपत्रिका आम्ही मतदानानंतरच्या शुक्रवारी वेगळ्या काढून बघतो. निवडणूक मंडळावर बसणारा शेरीफ मोठ्यानं वाचत होता आणि मी लिहून घेत होते. कुणी फुटबॉलच्या प्रशिक्षकाचं नाव लिहिलेलं, कुणी आपल्या खेचराचं. हशा चालला होता.

"लोवेल होबार्ट स्टिडम," शेरीफनं वाचलं. "अरे, हा अजून उभाच आहे का?"

सगळे पुन्हा हसले. मी कागद हातात घेतला. बोट मागच्या बाजूला गेलं आणि अक्षरं लागली.

ज्यानं आधी अर्ज भरलेला नाही, त्याच्या नावानं असं लिहिलेलं मत कायद्यानं धरत नाहीत. आणि मे महिन्यात हरलेल्याला तो अर्जही भरता येत नाही. मी त्या नावापुढं 'बाद' असं लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे ते अजून.

डिसेंबरच्या आठ तारखेला काका गेले. लोवेल एक दिवस उशिरा पोचला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. तो घेवड्याची आमटी नि मक्याचा पाव असलेली ताटली घेऊन माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला.

"साठ वर्षं मतं दिली ह्या माणसानं," तो म्हणाला. "चोरांना दिली, दारुड्यांना दिली. मला नाही दिलं."

तेव्हा मी सांगितलं. जानेवारीतलं कार्ड, भिंतीवरचा नमुना, नावावरचं बोट, सगळं.

"सात जानेवारी," तो म्हणाला. "मीच म्हटलं होतं, वर्ष संपायच्या आत. तारीख सांगायला हवी होती गं मी. त्या घरात वर्ष कधी संपतं ते मला माहीत नव्हतं का?" मग म्हणाला, "आणि तू? जूनमध्ये?"

"मी शब्द दिला होता."

"ते फोन करत होते, व्हर्ना. मला वाटायचं, हरलो म्हणून टोमणे मारायला करतायत."

मी शेजारच्या टेबलावरचे रिकामे पेले गोळा करायला लागले.

"आणि नोव्हेंबरात?" त्यानं विचारलं.

"मत गुप्त असतं, लोवेल. मी शपथ घेतलेली आहे."

एवढं मी बोलले, पण रडू आवरेना. तो लहानपणापासून मला ओळखतो. त्यानं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि ताटली खाली ठेवली.

"मोजलं का ते?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.