इंदूताईंची पळती अंगणवाडी

केजजवळच्या आमच्या गावात अंगणवाडीची हजेरी पळत व्हायची. गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या सेविका इंदूताई दारात उभ्या राहून नाव पुकारत. पुकारलेल्या मुलाने समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत धावायचे, खोडावर थाप मारून परत यायचे; मगच वहीत खूण. जागेवरून 'हजर' म्हणणाऱ्याला त्या विचारत, "हाजर कोण हाय? तू, का नुसतं तुझं तोंड?"

मी शेजारच्या शाळेत मास्तर. हाताची घडी घालून मुले बसवण्यात आमचा हातखंडा, त्यामुळे ताई मला जरा उपद्रवीच वाटत. "मास्तर, तीन वर्साचं लेकरू गप बसलं की आदी कपाळाला हात लावावा. ताप असंल," हे त्यांचे मत.

मग गावात बालोद्यान झाले. घसरगुंडी, दोन झोके, तारेचे कुंपण आणि फाटकाला भक्कम कुलूप. उद्घाटन साहेबांच्या हस्ते होणार होते आणि साहेबांना सवड नव्हती. फीत बांधून तीन महिने झाले. मुले तारेला नाक लावून उभी.

"साहेब येईपर्यंत थांबा," सरपंच म्हणाले.

"साहेब हायेत तेवढेच ऱ्हातेल. माजी पोरं पहिलीत जातेल आन् हे मास्तर त्यायला खाली बसवतेल!"

एका सकाळी ताईंनी मदतनीस बाईला तारेपलीकडे उभे केले आणि धनगराच्या बाया कुंपणावरून एकमेकींच्या हातात करडे देतात तसे एकेक मूल वरून द्यायला सुरुवात केली. सहावे मूल हवेत असताना सरपंच आले. आत गेलेल्यांना हाकलायला त्यांनी तावातावाने कुलूप उघडले, आणि बाहेरची वीस मुले त्यांच्या पायांमधून आत! फीत तुटली ती त्यांच्याच नातीच्या पोटाने. काय तो गलका! मी शाळा सोडून तारेजवळ उभा राहून ओरडत होतो, "चढ, चढ!"

"बाई, नोकरी जाईल तुमची!" सरपंच ताईंवर गरजले.

"जाऊ द्या. आदी नातीला धरा, लई वर गेलीय!"

सरपंच पळाले. चक्क पळाले.

महिन्याभरात ताईंना परवानगीशिवाय फाटक उघडल्याची नोटीस आली. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. मी दीड पान 'सविनय' उत्तर लिहून दिले, त्यांनी ते बाजूला ठेवून स्वतः लिहिले, "मुले चार वर्षांची होती. थांबली असती तर पाचची झाली असती."

चौकशीला अधिकारी आले. फाटक कोणी उघडले, हे सरपंचांच्या जबाबावर अडले होते. नात त्यांच्या खांद्यावर चढू पाहत होती. त्यांनी घसा खाकरला. "कुलूप मी उघडलं. माज्या हातानं."

प्रकरण तिथेच मिटले. जबाबाखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. इतका खरा सरकारी कागद मी दुसरा पाहिलेला नाही.