न घेतलेल्या कॅमेऱ्यातली मुलगी

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठल्या गुन्ह्यात पंच कोण होते, हे जुने कागद काढल्याशिवाय मला सांगता यायचे नाही. नागपुरातला एक शनिवार मात्र मी तासातासाने सांगू शकतो. नाव कुणाचेच घेणार नाही. त्यातली मुलगी आता मोठी झाली आहे.

मी तेव्हा शहराच्या मध्यभागातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. दुपारी तीनच्या सुमारास रामदासपेठेत राहणारी एक बाई आली. बँकेत नोकरीला, नवरा कामानिमित्त पुण्यात. तिची सात वर्षांची मुलगी शाळेतून घरी आली नव्हती. शनिवारी शाळा साडेअकराला सुटे, ऑटोवाला बाराच्या आत सोडे आणि आई येईपर्यंत मुलगी शेजारणीकडे थांबे. त्या दिवशी शेजारणीला वाटले आईनेच सुट्टी घेतली असेल, आणि आई निर्धास्तपणे अडीचपर्यंत बँकेत होती.

मूल अल्पवयीन असल्यामुळे मी थेट अपहरणाचा गुन्हा दाखल केला. मुलीचा गणवेशातला फोटो सगळ्या ठाण्यांना, रेल्वे पोलिसांना, बसस्थानकाच्या चौकीला पाठवला. तो लोकांच्या मोबाइलवरही फिरू लागला. आईला शेजारी बसवून मुलीच्या ओळखीच्या माणसांची यादी केली. काका, मामा, शिकवणीच्या बाई, मैत्रिणींचे पालक अशी अकरा नावे निघाली. अकराही जणांना फोन झाले. मुलगी कुणाकडेच नव्हती.

मग राहिला ऑटोवाला.

चाळिशीचा माणूस, सहा वर्षे त्या शाळेच्या मुलांची ने-आण करणारा. त्याने आधी सांगितले की मुलीला इमारतीच्या फाटकाशी उतरवले. चौकीदार म्हणाला, ऑटो थांबलाच नाही. पुन्हा विचारले तेव्हा तो म्हणाला की मुलगी शाळेच्या दारात दिसलीच नाही. एका तासात दोन जबाब. पोलिसाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. त्याचा ऑटो तपासायला गेलेल्या शिपायाला सीटखाली त्या मुलीची पाण्याची बाटली सापडली, आणि माझी खात्रीच पटली. मी त्याच्यावर हात उचलला नाही असे आज लिहून टाकणे सोपे आहे. पण उचलला. एकदाच, तरी उचललाच.

"मले वाटलं बँकेतल्या मॅडमनंच नेलं असंन, साहेब," तो सारखा म्हणत होता. "मांगं दोनदा नेलं होतं. बाटली तं काल विसरली ते."

"मग फाटकाशी उतरवलं असं काहून सांगितलं?"

तो खाली बघत म्हणाला, "भेव लागला जी."

मी ते ऐकले आणि सोडून दिले. गुन्हेगारच घाबरून खोटे बोलतो असे मला तेव्हा वाटत होते. दोन तास मी त्या एका माणसासमोर बसून होतो. बाहेर बाकावर मुलीची आई बसली होती. ती रडत नव्हती. प्रत्येक वेळी दार उघडले की उभी राहायची.

साडेपाचच्या सुमारास ठाण्यात दोघे जण आले. एक सरकारी कचेरीतला लिपिक आणि त्याचे सत्तरीकडे झुकलेले वडील. लिपिकाला बोलायचे नव्हते हे दिसत होते. म्हाताऱ्याने त्याच्या हातातला मोबाइल घेऊन माझ्या टेबलावर ठेवला. पडद्यावर हरवलेल्या मुलीचा फोटो होता.

"हे पोरगी आमी दुपारी बाराले पायली," म्हातारे म्हणाले. "कॅमेऱ्यात."

हळूहळू सगळे बाहेर आले. हे वडील लहानपणी, छपन्न साली, आपल्या बापाच्या खांद्यावर बसून धम्मदीक्षेला गेले होते. त्या दिवसाचे ते जे सांगत ते घरात सगळ्यांना पाठ होते. पण नातवंडांच्या मुलांना ते त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळावे, म्हणून मुलाला एक व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा होता. मोबाइलमध्ये पाच मिनिटांत जागा भरे आणि मधेच फोन येई. सुट्टीचा शनिवार साधून दोघे बर्डीच्या बाजारातल्या दुकानात गेले होते. खिशाला परवडणारे तीन कॅमेरे दुकानदाराने काढून दिले. त्यातला सर्वांत स्वस्त, काचेच्या कपाटात मांडलेला नग त्यांनी आधी हातात घेतला. त्याचे झूम किती लांबचे आणते ते पाहायला लिपिक दुकानाच्या दारात उभा राहिला. पलीकडच्या फुटपाथवर एक बाई आणि गणवेशातली मुलगी चालली होती. त्याने त्यांच्यावर कॅमेरा धरला. मुलगी हसत होती, म्हणून त्याच्या लक्षात राहिली.

"बाई कशी होती?"

लिपिकाला सांगता येईना. तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिलेले. लुगडे हिरवे असावे, किंवा निळे. म्हाताऱ्यांना चेहरा आठवत नव्हता, मुलीने बाईचे बोट धरले होते एवढे आठवत होते.

मी सहज, त्याला बोलते ठेवायला, विचारले की तो कॅमेरा का घेतला नाही. तो म्हणाला, लांबचे जवळ आणले की चित्र हलत होते. शिवाय बाबांचा आवाज बारीक, त्यांना लावायला वेगळा माइक जोडायची सोय त्यात नव्हती.

"हलत होतं हे तिथल्या तिथे दिसलं, की नंतर?"

"नंतर जी. परत लावून पायलं तवा."

परत लावून पाहिले, म्हणजे ते चित्रण कॅमेऱ्यात उतरले होते. मेमरी कार्ड घातले नव्हते, असे लिपिकाने सांगितले, म्हणजे ते कॅमेऱ्याच्या आतच होते. मी टोपी घेऊन उठलो. ठाण्यातल्या महिला हवालदार सोबत आल्या. आईला थांबा म्हटले तर ती माझ्या आधी जीपमध्ये जाऊन बसली.

दुकानदार म्हणाला, असा नग माझ्याकडे नाहीच. मग म्हणाला, होता, कंपनीला परत गेला. हवालदारांनी कपाटात पाहिले. एका चौकोनाभोवती धूळ होती आणि चौकोन स्वच्छ होता. मी त्याला आत नेले, आईला दारात उभे केले आणि सांगितले की मी विक्रीकर खात्याचा माणूस नाही. तू काय विकलेस याच्याशी मला देणेघेणे नाही, कुणाला विकलेस ते सांग. त्याने एकदा त्या बाईकडे पाहिले आणि खुर्चीवर बसला. मांडून ठेवलेला तो नग त्याने दुपारी दोन वाजता खोक्यात भरून नवा म्हणून विकला होता, पावती न करता. घाईत चार्जर खोक्यात घालायचा राहिला. गिऱ्हाइकाने फोन करून तक्रार केली होती, म्हणून नंबर आणि बेसा भागातला पत्ता लिहून ठेवलेला होता. गिऱ्हाइकाच्या घरी संध्याकाळी मुलाचे बारसे होते.

आम्ही फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. बारशाच्या घरात कोण उचलणार. मी दुकानदाराला चार्जरसकट जीपमध्ये घेतले.

वर्धा रोडवर त्या वेळी गर्दी असते. दुकानदार मागून म्हणाला की त्या कॅमेऱ्यात आतली जागा फार थोडी असते. भरली की माणूस जुने काढून टाकतो. मी त्याला गप्प राहायला सांगितले. आईने ते ऐकले होते. तिने पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि बेसा येईपर्यंत सोडली नाही.

घरासमोर मांडव होता. आत पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या, गाणे चालू होते. गणवेशातला पोलीस दारात पाहून ते थांबले. बाळाचा बाप तरुण, गळ्यात तोच कॅमेरा. मी विचारले, यात आधीचे काही होते का. तो ओशाळला. दोन तुकडे होते म्हणाला. दुकानातल्या कपाटाचा एक होता, तो जागा हवी म्हणून पुसला.

"आणि दुसरा?"

तो बायकोकडे बघायला लागला. ती पाळण्याजवळच्या पाटावर बसली होती. ती म्हणाली, "मीनंच म्हटलं, राहू द्या. किती गोड हसून राहिली ते पोरगी."

बॅटरी संपत आली होती. दुकानदाराने चार्जर भिंतीला लावला, आणि आम्ही त्या छोट्या पडद्याभोवती वाकलो. हलणारे चित्र. रस्ता, एक ऑटो, मग मुलगी. दप्तर तिच्या पाठीवर नव्हते, बाईच्या खांद्यावर होते. मुलगी काहीतरी सांगत होती, बाई मान खाली करून ऐकत होती. चेहरा एकदाच, तोही अर्धा दिसला. जेमतेम वीस सेकंद.

आईने पुन्हा दाखवायला सांगितले. तिसऱ्यांदा पाहताना ती म्हणाली, "या मावशी आहेत."

"कोण मावशी?"

"पाळणाघरातल्या. ती सहा महिन्यांची असल्यापासून त्यांच्याकडे होती. साडेपाच वर्षं."

"यांचं नाव यादीत का नाही?"

मी मावशींचे नाव विचारले. ती म्हणाली, "मावशीच म्हणायचो आम्ही. नाव कधी विचारलं नाही."

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंकडून नाव मिळाले. वर्षभरापूर्वी गुडघे दुखतात म्हणून त्यांनी मावशींना कामावरून कमी केले होते. मावशींना मूलबाळ नव्हते. त्यांच्या वस्तीत फोनवरून माणूस पाठवला तेव्हा कळले की खोली रिकामी करून त्या काटोलकडे भावाच्या गावी निघाल्या आहेत. तिथल्या शेजारणीने दुपारी एक मुलगी पाहिली होती, भाची असेल असे तिला वाटले.

बसस्थानकावर पोहोचलो तेव्हा साडेसात होऊन गेले होते. चौकीतल्या शिपायांकडे मुलीचा फोटो दुपारपासून होता. त्यांचा दोष नाही. आम्ही गणवेशातली मुलगी आणि एक पुरुष शोधायला सांगितले होते. फलाटाच्या शेवटच्या बाकावर फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली एक मुलगी म्हाताऱ्या बाईच्या हातून दूध-पोळी खात होती. जवळ एक गाठोडे, त्याच्यावर दप्तर. कोणालाही आजी आणि नातच वाटावी.

आईने हाक मारली. मुलगी उठून धावत आली, पण येताना आधी मागे वळून मावशीकडे पाहिले. ते मी पाहिले, आईनेही पाहिले.

मावशी उठल्या नाहीत. हवालदार त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी सगळे कबूल केले. गाव सोडण्याआधी एकदा पोरीला पाहायचे म्हणून शाळेच्या दाराशी गेल्या होत्या. पोरीने बोट धरले ते सोडले नाही. खोलीवर नेऊन वरण-भात घातला, तिच्यासाठी शिवून ठेवलेला फ्रॉक घातला. मग घरी सोडणे जमले नाही.

"काटोलच्या दोन गाड्या सोडल्या जी," त्या मला म्हणाल्या. "पयली आली तवा वाटलं, पोरीले वापस नेऊन देतो. दुसरी आली तवाबी तेच वाटलं. मंग ते जेवतो म्हणे."

तिसरी गाडी फलाटावर लागत होती. त्या तीत बसल्या असत्या की नाही, हे मी त्यांना विचारले नाही. त्यांनाही सांगता आले असते असे वाटत नाही.

कायद्यात मुलीच्या मर्जीला अर्थ नसतो. मी अटक केली, कॅमेरा पंचांसमक्ष जप्त केला, पुढे आरोपपत्रही दाखल केले. कोर्टात आईने जे घडले ते सांगितले, आणि मावशींनी साडेपाच वर्षांत मुलीला कधी ओरखडा येऊ दिला नाही, हेही न विचारता सांगितले. शिक्षा झाली ती फार मोठी नव्हती. बारशाच्या घराला दुकानदाराने त्याच संध्याकाळी दुसरा कॅमेरा नेऊन दिला. भीतीने की आणखी कशाने, ते त्याचे त्याला ठाऊक.

ऑटोवाल्याला रात्रीच सोडले होते. दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत त्याच्या घरी गेलो आणि माझे चुकले असे त्याच्या बायकोसमोर सांगितले. तो खाटेवर बसून होता. त्याने मला बसायला सांगितले नाही. म्हणाला, "मारलं ते जाऊ द्या साहेब. पण माह्या ऑटोतल्या बाकी चारी पोरायच्या घरी तुमी सोता जाऊन सांगा, का ऑटोवाल्या काकानं काही केलं नोतं."

मी गेलो. चारही घरी गेलो, आणि पाचव्या, त्या मुलीच्या घरीही. दोन घरांनी ऑटो तरीही बदलला.

या केसमध्ये पोलीस म्हणून माझे कौतुक झाले. बक्षिसाची नोंद सेवापुस्तकात आहे. खरे तर एका म्हाताऱ्या बापाने मुलाला ठाण्यात ओढून आणले नसते आणि एका बाळंतिणीला ते हसू पुसवले असते, तर मी त्या रात्रीही ऑटोवाल्यासमोरच बसलेला असतो. ओळखीची माणसे सांगा म्हटले की लोक नातेवाईक सांगतात, हुद्दा असलेली माणसे सांगतात. जी माणसे रोज घरात हातभार लावतात, ती त्यांना आठवत नाहीत. यात लबाडी नसते.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मूल हरवल्याची फिर्याद आली की नावांची यादी मी नंतर करायचो. आधी आईबापांना विचारायचो, तुमचे मूल आजवर कुणाकुणाच्या हातून जेवले आहे. लोक चमकून पाहायचे. आणि मग बहुतेक वेळा एक तरी अशी व्यक्ती निघायची, जिचे नाव त्यांना ठाऊक नसायचे.