आईची भेसळ
कडुलिंबाच्या पाल्याचा आणि राखेचा वास एकत्र आला की माझं डोकं अजून तापतं. वळसंगच्या घरी पेरायची ज्वारी त्यातच ठेवत, आणि बियाणं निवडायचं काम आईचं. कापणीआधी रानभर फिरून ती कणसं खुडायची; एखादं गच्च, एखादं मोकळं, एखादं लवकर पिकलेलं, एखादं उशिराचं. एका वर्षी इंग्रज सरकारच्या शेतकी खात्याचे साहेब टांग्यातून खळ्यावर आले. चार माणसांसमोर त्यांनी आईची जुडी सोडली, एकसारखी कणसं तेवढी ठेवली आणि उरलेली बैलापुढं फेकली. “बाई, हे बियाणं नव्हे, भेसळ आहे!” आई म्हणाली, “सायब, समदी सारकी आसली तर येकावर आलेलं समद्यांवर येतंय की.” साहेब हसले, आणि वडीलही हसले. पुढच्या हंगामात साहेबांच्या निवडीचं सगळं रान एकाच आठवड्यात फुलोऱ्यात आलं. त्याच आठवड्यात आभाळ भरून राहिलं आणि कणसाकणसावर चिकटा पडला; फुलोऱ्यातच लागणारा हा मधासारखा चिकट रोग, त्यानं दाणा भरलाच नाही. बैलापुढून उचललेली कणसं आईनं बांधालगत पेरली होती. त्या पिकातली काही कणसं आधीच दाण्यांनी भरली होती, काही अजून पोटरीत, पानांच्या आतच होती; ती वाचली. साहेब पुन्हा आले. त्यांनी आमच्या जमिनीला दोष दिला, आणि वर बांधालगतची कणसं नमुना म्हणून मागितली! वडील लगेच विळा घेऊन तोडायला पुढं झाले. आईनं त्यांच्या हातातला विळा काढून घेतला. “ती भेसळ हाय,” ती म्हणाली. आज मी तेव्हाच्या आईहून म्हातारी आहे. साहेबांचा चेहराही आठवत नाही, पण वडिलांचं ते हसणं मी माफ केलेलं नाही.