रुसलेल्या गिऱ्हाइकांची मनधरणी

मी नामदेव गणूजी ठेंगरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, मुक्काम सिंदेवाहीनजीक. शाळा सातवीत सुटली, वाचन सुटले नाही. वाचनालयातील बहुतेक पुस्तके मी वाचली असून त्यांतील चुका पेन्सिलीने दुरुस्तही केल्या आहेत. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढील फजिती अडाणीपणातून घडली असा आपला समज होऊ नये. ती निव्वळ विद्वत्तेतून घडली!

माझी सून वैशाली आमच्या शेतातला तांदूळ ईमेलवरून विकते. एकदा घेतलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता संगणकात राहतो, आणि पुढची पत्रे संगणक आपला आपण धाडतो. यंदाची सारी मदार चंद्रपूरच्या रशीदभाईंवर होती. त्यांचे किराण्याचे मोठे दुकान. निम्म्याहून अधिक पोती तेच उचलणार होते.

"मामाजी," सून म्हणाली, "जे गिराईक लय दिवस झाले आलं नाई, त्याईले एक ईमेल लिवून द्या ना. तुमची भाषा शुद्ध आहे. जरा गोड लिवजा."

आता काय सांगू, मंडळी! आले नाही, म्हणजे रुसले. आणि रुसलेल्या सोयऱ्याला लग्नकार्याआधी मनवण्याची आमच्याकडे रीत आहे. हात जोडायचे, क्षमा मागायची. परंतु चूक कोणती, याचा उच्चार करायचा नाही. केला की भांडण पुन्हा पहिल्यापासून!

मी स्वतः ही रीत कधी पाळली नाही, ही गोष्ट वेगळी. माझा मेहुणा दामोदर, चामोर्शीचा, माझ्यावर कित्येक वर्षे रुसून आहे. त्याच्या मुलीच्या लग्नात तो भाषण करीत असता मी उभा राहून त्याच्या चुका दुरुस्त केल्या, एवढेच. चुका होत्याच!

असो. मी लिहिले: 'जे घडले ते घडावयास नको होते. आपणांस झालेल्या यातना आम्ही जाणतो. सर्व पोटात घालावे. आपण आल्याविना आमच्या घरी चूल पेटणार नाही. आपला अपराधी, नामदेव ठेंगरे.'

वाचून माझेच डोळे पाणावले.

दुसऱ्या दिवशी सून माहेरी पोंभुर्ण्याला गेली. म्हटले, तिचा भार हलका करावा. संगणकाने विचारले, कोणाला पाठवू? बरेच दिवस न आलेल्यांना, की सर्वांना? आमंत्रणात एखाद्याला वगळले तर तो नव्याने रुसणार नाही काय? सर्वांना! उत्तर न आल्यास पुन्हा पाठवू? अर्थात! पहिल्याच विनवणीला येईल तो रुसलेला कसला? दर तासाला!

तासाभरात रशीदभाईंचा फोन.

"काका, चावल में क्या था?"

"नमस्कार. काही नव्हते."

"मंग माफी काऊन मांगून राह्यले? मी सकाळीच तुमचा भात खाल्ला ना!"

"जे घडले ते आपणांस ठाऊकच आहे."

"मले काय ठाऊक? या अल्ला, बच्चों ने भी खाया! काय घडलं, सांगा ना काका!"

"त्याचा उच्चार न करणेच उभयतांच्या हिताचे."

मग दबक्या आवाजात, "पुलिस का मामला है क्या?"

मी उत्तर देणार तोच ते ओरडले, "देखो, ईमेल फिर आया! सारी पोती कॅन्सल!"

मग फोन थांबेचना. नागपूरच्या एका बाईंनी विचारले, मुलांना दवाखान्यात न्यावे काय? एका सद्गृहस्थाने तर उरलेला तांदूळ जाळावा की पुरावा, याविषयी माझे मत मागितले.

संध्याकाळच्या गाडीने सून धावत परतली. "मामाजी, लिवलं तरी काय तुमी?"

मी भावपूर्ण स्वरात वाचून दाखवले. तिने कपाळाला हात लावला.

"आवो मामाजी, ही तं विष खाऊ घातल्यावर लिवाची चिठ्ठी आहे!"

तिने आधी संगणक गप्प केला. मग माझ्यापुढे भाताने शिगोशीग भरलेले ताट ठेवले आणि मी घास घेत असताना फोटो काढू लागली. एकात माझे डोळे मिटलेले, एकात चेहरा दुःखी. "हसा ना मामाजी, मेल्यावानी दिसून राह्यले!" मनाजोगता फोटो मिळेपर्यंत मी सारे ताट संपवले. तो फोटो सर्वांना धाडताना खाली तिने लिहिले, 'तांदूळ चांगला आहे. आमचे मामाजी तुम्हाला रुसलेले सोयरे समजले.'

रशीदभाईंचा पुन्हा फोन आला. हसूच आवरत नव्हते. "पोती पक्की! लेकिन काका, खुदा के वास्ते, चिट्ठी मत लिखो!"

येथे प्रकरण मिटले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तो काय? दामोदर! सहकुटुंब! सुनेकडून त्याने गुपचूप तांदूळ घेतला होता, हे मला कोठे ठाऊक? खुलाशाचा फोटो त्याने अजून पाहिलाच नव्हता.

"भाटवेजी!" अशी बहिणीच्या नवऱ्याला मारायची हाक मारून तो मला कवटाळून रडू लागला. "दिवसभर चिठ्ठ्या! पयले मी म्हटलं, येऊ दे, अजून येऊ दे. मंग मलेच रडू आलं. माह्यासाठी चूल नाई पेटवली तुमी?"

आत चुलीवर चहा उकळत होता. यंत्राचा खुलासा करावा म्हणून मी तोंड उघडले. सौभाग्यवतींनी आपल्या भावाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी तोंड मिटले.

दामोदरने माझे पत्र छापून आणले होते. अंगणात उभे राहून त्याने ते साऱ्या आळीला मोठ्याने वाचून दाखवले, दर ओळीत अडखळत, दर शब्दाचे हातपाय मोडीत. आणि मी, नामदेव गणूजी ठेंगरे, हात जोडून उभा होतो. एकही चूक दुरुस्त केली नाही!

तेव्हापासून गिऱ्हाइकांना पत्रे सून लिहिते. दामोदर सणावाराला येतो. माझ्याकडे केवळ फोटोपुरता भात खाण्याचे काम आहे.