कोळ्याचं विष आणि कोमट चहा

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं, याचा सल्ला आमच्या कोथरूडमध्ये न विचारता मिळतो. माझ्या वाट्याला जे आलं ते मात्र कुणीच सुचवलं नव्हतं. औषधांच्या चाचण्या करणाऱ्या एका संशोधन संस्थेच्या नैतिकता समितीवर मी 'सामान्य व्यक्ती' म्हणून नेमली गेले. अशा समितीत डॉक्टर आणि वकील यांच्याबरोबर एक सामान्य माणूस असावाच लागतो, तसा नियम आहे. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून शेवटी मी सामान्य असल्याचं पत्र हातात पडलं. ते मी फाइलला लावून ठेवलं आहे.

चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाला सही करण्याआधी एक संमतीपत्रक देतात. ते मराठीत आहे असं त्यावर छापलेलं असतं. ते वाचून साध्या माणसाला काही कळतं का, हे पाहणं माझं काम. त्यासाठी माझी एक पद्धत आहे. बैठकीच्या आदल्या दिवशी ते पत्रक मी ताईला मोठ्याने वाचून दाखवते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघी एकत्र राहतो. ती थोरली, म्हणून घर तिच्या मताने चालतं आणि कामं मी करते. जे वाक्य तिला कळत नाही तिथे ती हात वर करते, मी तांबड्या पेनाने खूण करते. विद्यार्थी संपले तरी पेन संपलेलं नाही.

ताई हात वर करते, कारण तिला बोलवत नाही. चार वर्षांपूर्वी तिला चेहऱ्याच्या नसेचं दुखणं लागलं. बोललं, चावलं, तोंडावर वारा आला, काही गरम लागलं, की उजव्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ येते. गोळ्यांनी तिला झोप येते, कळ मात्र जागीच असते. हृदय अधू असल्यामुळे शस्त्रक्रियेला डॉक्टर तयार नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात एक पाटी आहे. ताई तिच्यावर लिहून बोलते, आणि बोलत होती तेव्हापेक्षा जास्त टोचून बोलते.

गेल्या हिवाळ्यात जे पत्रक आलं ते टॅरँटुलाचं होतं. टॅरँटुला म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. त्याच्या विषातला एक घटक दुखण्याचा संदेश नसेतच अडवतो, म्हणून प्रयोगशाळेत त्या घटकाची नक्कल करून वेदनेवरचं औषध बनवलं होतं. आधी ते निरोगी स्वयंसेवकांना टोचायचं, मग त्यांना बर्फाच्या पाण्यात हात धरायला लावायचा आणि किती वेळ सोसवतं ते मोजायचं. ते सुखरूप पार पडलं की पुढची चाचणी खऱ्या दुखणेकऱ्यांवर. कोणत्या दुखणेकऱ्यांवर, तेही शेवटच्या पानावर लिहिलं होतं. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं त्या यादीत पहिलं होतं.

ती ओळ मी दोनदा वाचली. ताईने पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "माझं नाव घाल."

"अगं, ते पुढच्या खेपेला. आधी धडधाकट माणसं."

"मग लवकर पास करा त्यांना," तिने लिहिलं. थोड्या वेळाने पुसून पुन्हा लिहिलं, "न्हाणीघरातला कोळी मारू नकोस."

मग तिने पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं. 'टोचल्यानंतर चार तासांनी स्वयंसेवकास घरी जाण्याची मुभा राहील' या वाक्याला तिचा हात वर गेला. वाक्य सोपं होतं, म्हणून मी चिडले. ताईने शांतपणे पाटी भरून काढली. "दाढ काढून आले तेव्हा बधिर तोंडाने उकळता चहा प्यायले. जीभ पोळल्याचं दोन तासांनी कळलं. या लोकांचं तर सगळं अंग बधिर. घरी जाऊन चहा करतील, तवा उचलतील. भाजलं हे त्यांना सांगणार कोण?"

चार तासांनी औषधाचा अंमल उतरतो असं पत्रकात कुठेही म्हटलेलं नव्हतं. मी सगळी पानं दोनदा उलटली. प्रश्न अचूक होता, आणि तो विचारला तर प्रस्ताव परत जाणार हेही मला दिसत होतं. आमची समिती दोन महिन्यांनी बसते. मधल्या दुरुस्त्या, उत्तरं, पुन्हा दुरुस्त्या धरल्या तर चार-सहा महिने सहज. रिक्षात बसून बैठकीला निघाले तेव्हा मी ठरवून टाकलं होतं, की आज सामान्य माणसाने गप्प बसायचं.

बैठकीत नेहमीप्रमाणे हजेरीचा कागद फिरत आला. मी नेहमीप्रमाणे सही केली. चाचणी करणारी डॉक्टर तरुण आणि हुशार होती, चित्रं दाखवून छान समजावून सांगत होती. पडद्यावर कोळी आला तेव्हा वकीलबाईंनी पाय खुर्चीवर घेतले. डॉक्टरमंडळींनी मात्रा, रक्तदाब, ॲलर्जी असं बरंच विचारलं. त्या प्रत्येकाला उत्तर होतं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, त्यांनी सवयीने शेवटी माझ्याकडे पाहिलं. "बाई, आज तांबडं पेन कोरडं?"

मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण समोरच्या सामोशाची वाफ दिसत होती, आणि कुणीतरी तो फुंकर मारून खात होतं.

"टोचून घेतलेला माणूस घरी गेल्यावर चहा गरम आहे हे त्याला कसं कळणार?" मी विचारलं.

दोघेजण हसले. डॉक्टर मुलगी हसली नाही. तिने आपल्या कागदांवर बोट फिरवत नेलं, शेवटापर्यंत नेलं, आणि म्हणाली, "मॅडम, हे आम्ही धरलंच नाहीये." पुढची दहा मिनिटं सगळे एकदम बोलत होते. कुणी म्हणालं रात्रभर ठेवून घ्या, कुणी म्हणालं घरच्यांनाही बोलावून समजावून सांगा, कुणी विचारलं की बर्फाच्या पाण्यात हात गोठला तरी त्यांना ते कळलंच नाही तर.

मग मतदान आलं, आणि माझी नजर हजेरीच्या कागदावर गेली. सहीच्या वर बारीक अक्षरात छापलं होतं, की आजच्या विषयात माझा अथवा माझ्या जवळच्या नातलगाचा काहीही हितसंबंध नाही. न वाचता सही करू नका, हे गेली तीन वर्षं मी सगळ्या महाराष्ट्राला सांगत होते. मी उभी राहिले आणि ताईचं सगळं सांगितलं. सांगताना कान तापले होते.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे हे औषध लवकर यावं यात तुमचा स्वार्थ आहे."

"हो."

"आणि ते लांबेल असा प्रश्न तुम्हीच विचारलात."

"तो माझ्या बहिणीचा आहे."

"असला हितसंबंध मी उभ्या कारकिर्दीत पाहिला नाही," ते म्हणाले. "नियम मात्र नियम आहे. बाहेर बसा, बाई."

मी बाहेर बाकावर बसले. वर्गाबाहेर काढलेल्या कितीतरी मुलांची त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात माफी मागितली. आत काय झालं ते डॉक्टर मुलीनेच येऊन सांगितलं. प्रस्ताव परत गेला होता. ती म्हणाली, "तुमच्या ताईंना माझे आभार सांगा," आणि मला तिचा राग आला, कारण आभार घेऊन ताईची कळ थांबणार नव्हती.

घरी आले. ताई दाराशीच पाटी घेऊन बसली होती. तिच्यावर आधीच लिहिलेलं होतं, "विचारलंस?"

"विचारलं. परत पाठवलं. आता पावसाळ्याच्या आत काही होत नाही." आणि मग माझा बांध फुटला. "गप्प बसले असते तर आजच झालं असतं, ताई. मी गप्प बसणार होते."

तिने पाटी पुसली. मग उजव्या गालावर हात धरून, त्या आठवड्यात पहिल्यांदाच, ती तोंडाने बोलली. कळ आली तेव्हा डोळे मिटले, पण वाक्य पुरं केलं.

"तू गप्प बसली असतीस तर ते औषध मी घेतलं नसतं."

मी चहा केला. तिच्यासाठी निववून कोमट केला, आणि माझ्या कपातलाही तसाच होऊ दिला.