तोंडाला लावलेली वाटी

माझ्या भासऱ्यांना, म्हणजे मोठ्या दिरांना, मी सहा वर्षं माफ केलं नाही. करायचंही नव्हतं. काही बायका दागिने जपतात, मी त्यांचं एक वाक्य जपून ठेवलं होतं.

ते वाक्य ते नागपूरला, सदरमधल्या एका चिनी हॉटेलात बोलले. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. जुन्या बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत ते हॉटेल चाले. मालक गल्ल्यावर, त्याची बायको आत चुलीपाशी आणि मालकाची म्हातारी आई कोपऱ्यातल्या टेबलाशी शेंगा सोलत बसलेली. गिऱ्हाईक आलं तरी ती मान वर करत नसे. मूळची कँटनकडची माणसं, पण म्हातारी सोडली तर बाकीचे आमच्यासारखंच नागपुरी हिंदी बोलत. भासरे ऑफिसच्या ट्रेनिंगला तीन महिने कलकत्त्याला राहून आले होते आणि तेवढ्यावर चिनी जेवणातले जाणकार झाले होते. काट्या-चमच्यांचं हॉटेल असूनही ते मुद्दाम काड्या मागवत.

माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. रामटेककडच्या आमच्या गावाहून बाबा नव्या तांदळाची पिशवी घेऊन मला भेटायला आले. व्याह्यांचा मान म्हणून भासऱ्यांनी जाहीर केलं, "इवाईले आज चायनीज खिलवतो." बाबा पांढरंशुभ्र धोतर नेसून निघाले. हॉटेलात ते जन्मात जेवले नव्हते. टेबलावर लहान वाट्यांतून भात आला, वर कोबी आणि कोंबडीचा रस्सा. चमचा काही बाबांच्या बोटांत बसेना. शेवटी त्यांनी वाटी उचलली, तोंडाला लावली आणि भात ओढून घेतला. धानाच्या मुलखात सकाळची पेज आम्ही सगळे अशीच पितो.

"अहो इवाई, हे हॉटेल आहे, गोठा नाही! असं ढोरं खातात, ढोरं!"

भासरे एवढ्या मोठ्यानं बोलले की शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून हसली. माझा नवराही हसला, तेही मी विसरलेली नाही. बाबांनी वाटी खाली ठेवली. "झालं माझं. पोट भरलं," म्हणाले. वाटीत अर्ध्याहून जास्त भात होता.

त्यानंतर बाबा आमच्या घरी कधी जेवले नाहीत. यायचे, तांदळाची पिशवी ठेवायचे, पाणी प्यायचे, आणि पान वाढायला घेतलं की त्यांच्या गाडीची वेळ झालेली असायची. सासूबाईंना वाटे, जुन्या वळणाचे आहेत, लेकीच्या घरचं खात नसतील. मी एकदा त्यांच्या मागोमाग स्टँडवर गेले, तर बाकावर बसून फडक्यातली भाकर खात होते. मला पाहून त्यांनी फडकं झाकलं. त्या दिवशी मी ठरवलं. मला दोन गोष्टी हव्या होत्या: बाबांनी माझ्यासमोर पोटभर जेवावं आणि भासऱ्यांची चारचौघांत फजिती व्हावी. यातली पहिली कोणती, हे मात्र मी ठरवलं नाही.

मी सदरमधल्या एका शाळेत शिकवायला लागले. त्या हॉटेलवाल्यांची मुलगी माझ्याच वर्गात आली, मराठीत अगदीच कच्ची. तिच्या आईनं गळ घातली म्हणून आठवड्यातून दोनदा दुपारी, हॉटेल बंद असताना, मी तिला शिकवायला जाऊ लागले. त्याच वेळी घरची माणसं जेवायला बसत. पहिल्याच दिवशी बघते तर काय, म्हातारीनं वाटी उचलून ओठांना लावली होती आणि काड्यांनी भात आत लोटत होती. मालकही तसाच, सूनही तशीच. मुलगी वाटी टेबलावर ठेवून खाली वाकली, तर म्हातारीनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

"कटोरा नीचे, मुंह नीचे, ऐसा जानवर खाता है," सुनेनं मला समजावलं. "हमारे में कटोरा उठाके खाते."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा सांगितलं. मग मुलीनं कंटाळून दोन्ही काड्या भातात उभ्या खोचल्या, तशी म्हातारी किंचाळलीच. तसं फक्त मेलेल्याच्या नावानं करतात म्हणे. आपल्याकडे कुणी जेवत्या ताटात पिंड ठेवावा तसं. मी हे सगळं मनात घट्ट बांधून घरी आणलं आणि कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. भासऱ्यांना भातात काड्या उभ्या करून गप्पा मारायची सवय होती, हे मला ठाऊक होतं.

तोवर बाबांचा तांदूळ मी म्हातारीला नेऊन दिला. तिनं त्याची पेज केली, हो, पेजच, आणि विचारलं की हा पिकवतो कोण, त्याला घेऊन ये. बाबा एरवी आले नसते. पण तांदळाचं कौतुक ऐकून आले, दहा शेर आणखी घेऊन. ते आले त्याच रविवारी भासऱ्यांच्या बढतीचं जेवण तिथे ठरलं होतं. ठरवायला मीच लावलं होतं. सुनेला एवढंच सांगून ठेवलं, की आजीला आमच्याच टेबलाशी बसव आणि भात बाबांच्या तांदळाचा कर.

भासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "याले म्हणतात तांदूळ. आपल्याकडे कुठून पिकणार असा!" बाबांनी वाटीचा वास घेतला. त्यांना कळलं. ते नुसते गालात हसले. सहा वर्षांत मी त्यांना त्या माणसासमोर हसताना पाहिलं नव्हतं. मी तिथेच थांबायला हवं होतं.

भासरे वाटीवर वाकून खात होते. मग काहीतरी सांगायला म्हणून त्यांनी काड्या भातात उभ्या रोवल्या. म्हातारी उठली, त्या उपटल्या, टेबलावर आपटल्या आणि आपल्या भाषेत कडाडली. सून म्हणाली, "जाने दो ना, बाई." पण मी मोठ्यानं म्हटलं, "नाही, सांगा, काय म्हणतात आजी?" तिला सांगावं लागलं. की हे मेलेल्याचं जेवण आहे का, आणि हा माणूस जनावरासारखा खाली तोंड घालून का खातो. सगळं हॉटेल ऐकत होतं. भासऱ्यांचं तोंड पांढरं पडलं. ते उठले आणि बाहेर गेले. मी आनंदानं आणखी भात वाढून घेतला.

बाबाही उठले. मला वाटलं, हात धुवायला. खिडकीतून पाहिलं तर ते रस्त्यावर भासऱ्यांचा हात धरून उभे होते. "चला भाऊ, भरल्या पानावरून नाई उठू," एवढं ऐकू आलं. त्यांनी भासऱ्यांना आणून खुर्चीवर बसवलं, त्यांची वाटी उचलून त्यांच्या हातात दिली. "अशी धरा. मले बी कुठं येत होतं इथलं काही." मग स्वतःची वाटी तोंडाला लावली आणि जेवू लागले. सावकाश, चवीनं, म्हातारीकडे पाहून मान हलवत. भासऱ्यांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांनीही वाटी तोंडाला लावली.

सहा वर्षं जपलेलं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं नाही.

"अहो भाऊजी, हे हॉटेल आहे, गोठा नाही. असं ढोरं खातात!"

शेजारचं टेबल हसलं, अगदी तेव्हासारखंच. भासऱ्यांचं काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण मी बाबांकडे पाहत होते. त्यांच्याही तोंडाला वाटी होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

"झालं माझं," ते म्हणाले. "पोट भरलं."