नातवाची झोळी मीच बांधली होती

‘‘आजी, बाळाला आजार असा काही सापडला नाही. मला वाटतं, त्याची झोपायची जागाच चुकली,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ती जागा मीच निवडली होती. झोळी मी बांधली होती. ‘काही होत नाही’ हेही मीच म्हटलं होतं.

मी अनसिंगजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. लस कधी, वरचं अन्न कधी, गावातल्या पोरींना सगळं मीच शिकवते. माझ्याच घरी मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे लिहिते आहे, कारण तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी शहाणी असणारच.

माझी लेक स्वाती पहिल्या बाळंतपणाला रिसोडहून माहेरी आली होती. बाळ महिनाभर आधीच झालं. डॉक्टरांच्या भाषेत ‘प्रीटर्म’, म्हणजे दिवस पूर्ण भरायच्या आधी जन्मलेलं. वजन दोन किलोच्या आत. दहा दिवस त्याला वाशीमच्या दवाखान्यात ठेवलं आणि मग घरी सोडलं. निघताना नर्सने बजावलं, ‘‘पाठीवरच झोपवा, सपाट जागेवर.’’ मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाई, तू मला सांगतेस?

घरी आल्यावर स्वाती म्हणाली, ‘‘आई, याले माह्या बाजूले तखतावरच निजवू. नर्सबाईनं सांगतलं ना.’’

‘‘लाकडाच्या तखतावर डोस्कं चपटं होते पोराचं,’’ मी म्हणाले. ‘‘तुमी तिघं भावंडंबी झोळीतच वाढले. काई झालं का तुमाले?’’

आमच्याकडची झोळी म्हणजे जुन्या मऊ लुगड्याचा झोका. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला तो मी बांधला. आत गोधडीची घडी घातली आणि डोकं गोल व्हावं म्हणून खाली मोहरी भरलेली छोटी उशी दिली. बाळ झोळीत टाकताच झोपलं. मी स्वातीकडे पाहून भुवया उडवल्या. माझ्या आवाजापुढे घरात फारसं कुणी बोलत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी स्वाती जेवत होती. मी झोळीला झोका द्यायला गेले आणि आत डोकावले. बाळाची हनुवटी छातीला टेकली होती. ओठ निळसर दिसत होते आणि छाती हलत नव्हती. मी त्याला उचललं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते अगदी बारीक आवाजात रडलं. तेवढं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

शेजाऱ्यांच्या जीपने वाशीम गाठलं. स्वाती रस्ताभर बाळाच्या नाकापाशी बोट धरून बसली होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

दवाखान्यात त्याच्या इवल्या पायाला लाल दिव्याची पट्टी बांधली. त्यावरून ‘सॅच्युरेशन’ कळतं, म्हणजे रक्तात प्राणवायू किती आहे ते. पहिल्या दिवशी साखर तपासली, रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी ‘इको’ केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिसऱ्या दिवशी डोक्याची सोनोग्राफी. मी बाहेरच्या बाकावर बसून सगळ्या देवांना लालूच दाखवत होते. रिपोर्ट एकेक करून चांगले येत होते. आजार नाही तर मग काय?

चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘‘झोपलं कसं होतं? मला करून दाखवा.’’

मी स्वातीच्या ओढणीची झोळी केली. एक टोक नर्सने धरलं, एक मी. डॉक्टरबाईंनी टॉवेलची गुंडाळी बाळासारखी आत ठेवली. गुंडाळी मधोमध वाकली आणि वरचं टोक खाली दुमडलं.

‘‘बघितलंत? एवढ्याशा बाळाला मान सावरता येत नाही. हनुवटी छातीवर आली की ‘एअरवे’ दबतो, म्हणजे श्वासाची वाट. उशीने मान आणखी पुढे ढकलली जाते. तेच कारण होतं असं शंभर टक्के नाही सांगता येणार. पण इथे सपाट झोपवल्यापासून एकदाही त्रास झालेला नाही.’’ आणि मग त्या ते वाक्य बोलल्या, ज्याने मी हे लिखाण सुरू केलं.

‘‘अन् डोकं चपटं झालं तर?’’ माझ्या तोंडून तरीही निघालंच. जित्याची खोड!

त्या हसल्या. ‘‘जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर पोटावर ठेवा थोडा वेळ. झोपताना मात्र पाठीवर. गादी कडक, चादर ताणून, जवळ उशी नाही, गोधडी नाही. आईच्या खोलीत, पण जागा वेगळी.’’

घरी आल्याबरोबर मी झोळी सोडली. स्वातीच्या बाजेला लागून तखत लावलं आणि त्यावर कडक गादी घातली. बाळ तिथे छान झोपू लागलं. पण स्वाती त्याला माझ्या हाती देईना. अंघोळीला जाताना ती शेजारच्या कांताकाकूंना हाक मारायची. त्यांच्याकडे बाळ सोपवून दोन तांबे अंगावर घेऊन पळत यायची. मी चार पावलांवर उभी असायचे. भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही, आणि मला तिची माफी मागता येईना.

सव्वा महिन्याने बारसं केलं. पाळणा सजवला, गाणी झाली, बाळाचं नाव वेदांत ठेवलं. गाण्यातच तो झोपला.

‘‘निजला पोरगा. राहू द्या आता पायण्यातच,’’ कांताकाकू म्हणाल्या.

पाळण्यात मऊ दुलई होती, तीन उशा होत्या. मी वेदांतला उचललं आणि तखतावर पाठीवर निजवलं.

‘‘काहून उठवता, बाई? शकुनाचा पायणा हाय!’’ कांताकाकूंनी अडवलं.

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. यांतल्या निम्म्या जणींना मी अंगणवाडीत दटावलेलं. काहीतरी थाप मारावी असं क्षणभर वाटलंही.

‘‘म्या झोळीत निजवला होता याले,’’ मी म्हणाले. ‘‘लेक नाई म्हणत होती, मी आयकलं नाई. श्वास बंद पडला होता पोराचा. चूक माही हाय. तुमच्या घरी झोळी असन तर आजच सोडा.’’ आणि सगळ्यांसमोर मला रडू कोसळलं.

मग कांताकाकू हळूच म्हणाल्या, ‘‘आमच्या सूनबाईचं लेकरू आताबी झोळीतच हाय.’’ घुगऱ्या न घेताच त्या लगबगीने निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वाती टॉवेल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

‘‘आई, मी न्हाऊन येतो. याच्यापाशी बस जरा.’’

न्हाणीघराचं दार लागलं, पाणी पडायला लागलं. मी तखताशेजारी बसून वेदांतची छाती वर-खाली होताना बघत राहिले. त्या दिवशी स्वातीने अगदी निवांत केस धुतले.